बंद बॉडीच्या टेम्पोत ई-ट्रॅक: पट्टीच्या आधी भिंत तपासा

भिवंडीच्या गोदामातून भरलेला माल मुंब्रा बायपास, शिळफाटा, महापे करत तुर्भ्याला पोचेपर्यंत आतल्या आत बराच प्रवास करतो. वळणावर डावीकडून उजवीकडे, ब्रेकला मागून पुढे, एमआयडीसीतल्या गतिरोधकांवर खालून वर. उघड्या हौद्याच्या गाडीला बाहेरून हुक असतात, वर ताडपत्री टाकून दोरखंड आवळता येतो. बंद बॉडीत मात्र बहुतेक ठिकाणी चार कोपऱ्यांत चार कड्या वेल्ड केलेल्या असतात आणि मधली पोकळी गोणपाट, थर्माकोल, जुन्या गाद्या कोंबून भरली जाते. चार कपाटे आणि एक फ्रीज असा मिश्र माल त्या चार कड्यांवर धड बांधताच येत नाही.

ई-ट्रॅक म्हणजे सुमारे १२७ मिमी (५ इंच) रुंदीची, खाचा पाडलेली पोलादी पट्टी. ती भिंतीला आडवी बसवतात. बेल्टच्या टोकाचा स्प्रिंगचा हुक किंवा सुटी कडी खाचेत दाबली की टक करून बसते आणि खिटी ओढली की सुटते. त्यामुळे माल जिथे उभा आहे, नेमका तिथेच बांधायचा बिंदू मिळतो. ५, ८ आणि १० फुटी लांबीत येते. चांगल्या पट्टीचा पत्रा १२ गेजचा, म्हणजे २.६ मिमीच्या आसपास. घेताना व्हर्निअर (जाडी मोजायचे माप) लावूनच घ्या, कारण २ मिमीची पट्टी लांबून अगदी तशीच दिसते आणि तिच्या खाचेची कड दोन-चार महिन्यांत हुकाने ओढली जाऊन लांबट होते.

आता मुद्द्याचे. पट्टी जवळजवळ कधीच तुटत नाही, बोल्टही क्वचित तुटतो. आधी वाकते ती भिंत. म्हणून या कामातला निम्मा विचार पट्टीच्या मागे काय आहे याचा आहे.

भिंतीमागे काय असते

आपल्याकडच्या साध्या कंटेनर बॉडीची रचना साधारण अशी: खाली चासीवर आडवे चॅनल, त्यावर फ्लोअर, बाजूला दर ४००-६०० मिमीला चौकोनी पाइपचे किंवा घडी घातलेल्या पत्र्याचे उभे पोस्ट, बाहेरून १ ते १.२ मिमीचा पत्रा. आतून ६, ९ किंवा १२ मिमी प्लाय. काही गाड्यांत आतला प्लायच नसतो.

पोस्ट शोधायला भारी यंत्र लागत नाही. बाहेरच्या रिव्हेटची किंवा वेल्डच्या ठिपक्यांची उभी रांग बघा, आतून मजबूत चुंबक फिरवा, मग ३ मिमीचे एक भोक पाडून खात्री करा. ड्रिल आत जाताना दोनदा धातू लागला (पाइपचा पुढचा आणि मागचा पदर) तर बंद पाइप आहे. एकदाच पातळ लागला तर तो पोस्ट नसून बाहेरचा पत्रा आहे, किंवा टोपीच्या आकाराचा पातळ सेक्शन आहे. वरच्या कडेने मार्कर दिव्यांच्या वायरी गेलेल्या असतात. भोक पाडण्याआधी त्या कुठून उतरतात ते पाहून ठेवा.

तीन प्रकारच्या भिंतींवर हे काम असेच करू नका. पहिली, पफ पॅनेलची थंड बॉडी. फोमच्या दोन्ही बाजूंना पातळ कातडी असते, स्क्रूला धरायला आत काहीच नसते आणि भोकातून ओल फोममध्ये शिरली की तो भाग कायमचा गळतो. तिथे पॅनेल बनतानाच आत लोखंडी पट्टी घालून घ्यावी लागते. दुसरी, बिनपोस्टची नुसती पन्हळी पत्र्याची भिंत. तिसरी, अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची बॉडी: तिथे काम होते, पण पोलादी पट्टी आणि अ‍ॅल्युमिनियम थेट एकमेकांना चिकटले तर खाडीच्या खारट हवेत अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते. मध्ये रबर पट्टी किंवा रंगाचा जाड थर आणि बोल्टखाली नायलॉन वॉशर हवा.

ताकदीचे गणित, थोडक्यात पण नीट

४० × ४० × २ मिमीचा चौकोनी पाइप, उंची १.८ मीटर, वर-खाली वेल्ड केलेला. जमिनीपासून १.२ मीटरवर कोणी त्याला भिंतीतून बाहेर, म्हणजे गाडीच्या आतल्या बाजूला सरळ ओढले, तर साध्या पोलादाच्या पाइपला कायमचा बाक यायला साधारण २३० किलोचा ओढा पुरतो. ४५० मिमी उंचीवर हाच आकडा २७५ किलोच्या आसपास जातो. प्लाय, पत्रा आणि शेजारचे पोस्ट थोडा भार वाटून घेतात, पण हिशेब करताना त्या मदतीवर विसंबू नये.

आता दुसरी बाजू बघा. ५० मिमीच्या रॅचेट (दांडा मागे-पुढे करून आवळायच्या) बेल्टच्या लेबलवर एसटीएफ असा एक आकडा असतो. हाताने नेहमीचा जोर लावून दांडा ओढल्यावर बेल्टमध्ये किती ताण राहतो, तो हा आकडा. बऱ्याच बेल्टवर तो २५० ते ३५० डीएएन असतो आणि १ डीएएन म्हणजे जवळपास १ किलोचाच ओढा. म्हणजे डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत बेल्ट टाकून रॅचेट कचकचून आवळला, तर गाडी जागची हलण्याआधीच दोन्ही पोस्ट आपल्या मर्यादेपाशी आलेले असतात. बाहेरच्या पत्र्याला आत खोबण पडलेल्या बॉड्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच अशा आवळण्याने झालेल्या असतात.

यातून बाहेर पडणारे नियम:

भिंतीतून सरळ बाहेर येणारा ओढा एका पोस्टमागे १५० किलोच्या आत ठेवा. भिंतीच्या लांबीला समांतर ओढा असेल तर ३०० किलोपर्यंत चालतो, कारण तिथे पोस्ट वाकत नाही, अख्खी भिंत आडवा ताण घेते.

वरच्या रांगेवर रॅचेट वापरायचाच नसेल तर उत्तम. कॅम बकलचा बेल्ट घ्या. त्याला दांडा नसतो, हाताने ओढू तेवढाच ताण बसतो. फ्रीज, कपाट, गाद्या, खोक्यांची थप्पी यांना तेवढा पुरतो.

एका नगाचे वजन ३०० किलोच्या पुढे गेले की तो नग भिंतीचा नाही, फ्लोअरचा. त्याला खाली चासीच्या आडव्या चॅनलला बोल्टने धरलेल्या कड्या हव्यात. भिंतीवरचा ट्रॅक त्याला फक्त डोलण्यापासून आवरेल.

युरोपात माल बांधण्याच्या हिशेबासाठी जे प्रमाण वापरतात (ईएन १२१९५), त्यात रस्त्यावरच्या गाडीसाठी पुढे ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट वजनाइतका धक्का धरतात. ४०० किलोच्या यंत्राला ब्रेकला ३२० किलोचा ढकल बसतो. लाकडी फ्लोअरवर घर्षणाचा अंक ०.३ धरला तर १२० किलो घर्षण खाते आणि २०० किलो बेल्टवर येतात. फ्लोअर पावसाने ओला किंवा तेलकट असेल तर घर्षणाचा भाग जवळजवळ सोडूनच द्या. जुन्या टायरचा किंवा रबर मॅटचा तुकडा यंत्राच्या पायाखाली घातला की याच हिशेबात सर्वांत स्वस्तात फरक पडतो.

१४ फुटी बॉडीसाठी सामान

उदाहरण म्हणून आयशरच्या वर्गातली बॉडी धरू: आतून लांबी ४२०० मिमी, रुंदी १८०० मिमी, पोस्ट दर ४५० मिमीला, म्हणजे एका बाजूला १० पोस्ट. दोन्ही भिंतींवर दोन-दोन रांगा आणि पुढच्या भिंतीवर एक.

पट्टी कापण्याचा आराखडा आधी कागदावर करा. इथेच लोक नगाने फसतात. एक रांग पुढच्या कोपऱ्यापासून १० मिमी सोडून सुरू होते आणि मागच्या दरवाजाच्या चौकटीआधी १०० मिमीवर संपते, म्हणजे सुमारे ४०९० मिमी. १० फुटी पट्टी ३०४८ मिमी. उरले १०४० मिमी. दुसऱ्या १० फुटी पट्टीतून १०४० चे दोनच तुकडे निघतात, तीन नाही. ३१२० लागतात आणि हातात ३०४८ आहेत. म्हणून चार रांगांना ४ आणि २ अशा ६ पट्ट्या. दोन पट्ट्यांमधून प्रत्येकी साधारण ९६० मिमी उरते. त्यातला एक तुकडा पूर्ण आणि दुसरा ८०० मिमी कापून पुढच्या भिंतीची रांग होते. भंगारात जवळजवळ काही जात नाही.

- ई-ट्रॅक, आडवा प्रकार, झिंक किंवा पावडर कोटिंग, १० फुटी: ६ नग
- एम-८ (८ मिमी बोल्टचे) पोलादी रिव्हनट, म्हणजे एका बाजूनेच भोकात बसवता येणारे, आतून आटे असलेले पोकळ रिव्हेट, चपट्या कडेचे: १२० (लागतील सुमारे १०६, बाकी चुकीला)
- एम-८ × २० बटन हेड अ‍ॅलन बोल्ट: १२०, निळे थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा आट्यांचा गोंद) एक लहान बाटली
- ४० × ४० × २ चौकोनी पाइप: ३ मीटर, आधाराच्या तुकड्यांसाठी
- पीयू सीलंट, ६०० मिलिचे सॉसेज पाकीट: २, आणि त्याची गन
- झिंक प्रायमर, कोल्ड गॅल्व्हनाइझिंग स्प्रे
- ड्रिल बिट ४ आणि ८ मिमी, ११ मिमीपर्यंतचा स्टेप ड्रिल (पायऱ्यांचा शंकूसारखा बिट), कटिंग ऑइल
- दोन दांड्यांचे रिव्हनट अवजार. एका हाताचे एम-८ पोलादी रिव्हनटला पुरत नाही, मनगट जाते.

पाइप कळंबोलीच्या लोखंड बाजारात किंवा जवळच्या फॅब्रिकेटरकडे तुकड्यात मिळतो; वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात रिव्हनट आणि अ‍ॅलन बोल्ट ठेवणारी औद्योगिक हार्डवेअरची दुकाने आहेत. ट्रॅक आणि त्याचे हुक बहुधा ऑनलाइन मागवावे लागतात. हुक आणि पट्टी शक्यतो एकाच ठिकाणाहून घ्या, खाचेत हुक सैल बसला तर तो धक्क्याने उडतो.

सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने भागेल का, हा नेहमीचा प्रश्न. ६.३ मिमीचा स्क्रू २ मिमी पाइपात बसतो, काम निम्म्या वेळात होते आणि हलक्या खोक्यांच्या गाडीला चालते. पण त्याला धरायला जेमतेम एखाददुसरा आटा मिळतो आणि रोजच्या थरथरीने तो ढिला होतो. पुन्हा आवळला की आटा खलास. पॉप रिव्हेट तर या कामाला नकोच. आरपार बोल्ट टाकायचा विचार असेल तर पाइपच्या आत नळीचा तुकडा घालावा लागतो, नाहीतर आवळताना पाइप चेपतो. शिवाय बाहेरच्या पत्र्यात शंभर भोके पडतात आणि प्रत्येक भोक म्हणजे जुलैतली एक गळती. आमचा कौल रिव्हनटला.

उंची ठरवणे

खालची रांग फ्लोअरपासून मध्यापर्यंत ४५० मिमी, वरची १२०० मिमी. २०० लिटरचा ड्रम सुमारे ८८० मिमी उंच असतो, त्याला बेल्ट ६०० च्या आसपास हवा. ड्रमच वाहायचे असतील तर खालची रांग ६०० वर घ्या. फळभाजीचे क्रेट वाहणाऱ्या गाडीला वरची रांग १४०० वर बरी पडते, थप्पीचा वरचा तिसरा भाग धरता येतो. घरसामानाला ४५० आणि १२०० ठीक. पुढच्या भिंतीवरची रांग ९०० वर.

उंची नेहमी फ्लोअरवरून मोजा, पाण्याच्या लेव्हलने नाही. गाडी रस्त्यावर कलती उभी असते आणि लेव्हलने आखलेली रेघ बॉडीला तिरकी येते. ३८६ मिमी लांबीची लाकडी काठी कापा (४५० वजा पट्टीची अर्धी रुंदी, ६४). ती प्रत्येक पोस्टपाशी फ्लोअरवर उभी धरून खूण करा आणि खुणांवरून खडूची दोरी मारा. जुन्या गाडीचा फ्लोअर मध्ये बसलेला असतो. एखादी खूण दोरीपासून ५ मिमीहून जास्त हटली तर दोन टोकांच्या खुणा खऱ्या माना.

प्लाय कापणे आणि आधार देणे

पट्टी प्लायवर चढवून बसवली तर ती १२-१३ मिमी बाहेर राहते आणि कपाटाच्या कडा, हमालांचे कोपर, खोक्यांचे कोपरे सगळे तिला अडकतात. म्हणून ९ मिमी प्लायमधून १३० मिमी रुंद पट्टा कापून काढा आणि ट्रॅक थेट पोस्टवर बसवा. मग बाहेर राहतो तो ३-४ मिमी. गोल करवतीची खोली बरोबर ९ मिमीवर लावा, १० वर गेली की प्रत्येक पोस्टवर खाच पडते. कापलेल्या प्लायच्या वरच्या-खालच्या कडा सुट्या होतात, त्या प्रत्येक पोस्टवर एका छोट्या स्क्रूने धरा आणि कडेला रंगाचा हात मारा, प्लाय कडेनेच पाणी पितो.

पट्टा निघाला की पोस्ट उघडे पडतात. आता जोड कुठे येतो ते बघा. आपल्या आराखड्यात पहिली पट्टी ३०५८ मिमीवर संपते आणि पोस्ट २७०० व ३१५० वर आहेत, म्हणजे जोड पोस्टच्या ९० मिमी अलीकडे लटकतो. जोड अधांतरी ठेवायचा नाही. त्या दोन पोस्टच्या मध्ये ४१० मिमी लांबीचा पाइप आडवा वेल्ड करा, तोंड पोस्टच्या तोंडाशी सपाट. असे चार तुकडे, एकूण १.६४ मीटर. उरलेला पाइप पुढच्या भिंतीच्या जोडाला आणि एखाद्या गंजलेल्या पोस्टला. मागचे टोक शेवटच्या पोस्टच्या ५० मिमी पुढे जाते, तेवढे चालते. बाजूला दार असेल तर रांग तिथे तुटेल. दाराच्या दोन्ही चौकटींवर टोके यायला हवीत.

वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या जवळ, त्याच पोस्टवर लावा. बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा आणि एग्झॉस्टचा कंट्रोल युनिट महाग प्रकरण आहे आणि चासीवर लांब लावलेला अर्थ त्याच्यातून वाट काढू शकतो. सीएनजीची गाडी असेल तर टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करून, ठिणगी खाली पडणार नाही असे ओले गोणपाट पसरूनच काम. वेल्ड थंड झाला की वायर ब्रशने साफ करून लगेच झिंक प्रायमर. हे उद्यावर ढकलले तर पावसाळ्यात रात्रीतच गंजाची पावडर चढते.

भोके, रिव्हनट, बोल्ट

पट्टी दोरीवर धरून दोन टोकांना क्लॅम्प लावा. पट्टीला आधीपासून भोके असतात, पण ती तुमच्या पोस्टवरच येतील असे नाही. जिथे येत नाहीत तिथे पट्टीच्या सपाट कडेवर नवे भोक पाडा, खाचेच्या कडेपासून किमान १२ मिमी दूर. पट्टीतले भोक ८.५ ते ९ मिमी हवे. प्रत्येक पोस्टवर दोन बोल्ट, एक वरच्या कडेला, एक खालच्या. जोडाच्या आडव्या पाइपावर प्रत्येक टोकाला दोन, म्हणजे चार. चार रांगांचे ९६ आणि पुढच्या भिंतीचे दहाएक.

सगळ्या खुणा एकदम पंच करून पट्टी काढली आणि ओळीने भोके पाडली तर शेवटच्या पोस्टपर्यंत दोन-तीन मिमीची चूक साठते. त्याऐवजी आधी दोन टोकांचे एकेक भोक करा, रिव्हनट बसवा, पट्टी दोन बोल्टवर टांगा आणि मग मधल्या खुणा करा. पट्टी पुन्हा उतरवावी लागते, पण एकही भोक वाया जात नाही.

ड्रिलचा क्रम ४, ८, मग स्टेप ड्रिलने ११. एम-८ रिव्हनटला ११ मिमी हे माप नेमके लागते. ११.५ झाले की रिव्हनट आवळताना जागच्या जागी फिरतो आणि मग ना आत जातो ना बाहेर येतो. साध्या ११ च्या बिटने पातळ पाइपात भोक तिकोनी होते, म्हणून स्टेप ड्रिल. वेग कमी, तेल जास्त. भोकाच्या कडेचा बर (वर आलेली धारदार कड) कानशीने काढा, मग कडेला प्रायमरचा ठिपका.

पहिला रिव्हनट भंगार पाइपाच्या तुकड्यात बसवून बघा. अवजाराचा दट्ट्या कमी लावला तर मागची फुगवटी पूर्ण बसत नाही, जास्त लावला तर आटे ओढले जातात. बरोबर बसलेला रिव्हनट पक्कडीने फिरवून फिरत नाही आणि त्याची कड पाइपाला सगळीकडून टेकलेली असते. फिरणारा सापडला तर तो सीलंटने चिकटवण्याचा उद्योग करू नका. पक्कडीने धरून ड्रिलने उडवा आणि त्याच जागी एम-१० चा रिव्हनट (१३ मिमी भोक) टाका. पट्टीतले भोकही १०.५ करावे लागेल.

पट्टी चढवण्याआधी तिच्या मागे सीलंटची सलग वळी नको, प्रत्येक पोस्टपाशी एक पट्टा पुरे. सलग वळीने वरून उतरलेले पाणी पट्टीमागे साठते. कापलेल्या टोकांवर कोल्ड गॅल्व्हनाइझिंगचे दोन हात. जोडात ३ मिमी फट सोडा, बंद बॉडी मे महिन्यात आतून तापते आणि टोकाला टोक भिडलेल्या पट्ट्या मधून फुगतात.

बोल्टला थ्रेडलॉकचा एक थेंब, सगळे आधी हाताने लावा, मग मधून टोकांकडे १८-२० न्यूटन-मीटरने आवळा. टॉर्क पाना नसेल तर लहान अ‍ॅलन कीच्या आखूड बाजूला धरून हाताने घट्ट; पाइप लावून दांडा लांबवायचा नाही. मोकळ्या एम-८ बोल्टचा टॉर्क याहून जास्त असतो, पण इथे आटे रिव्हनटचे आहेत.

दोन माणसांना हे सगळे दीड ते दोन दिवसांचे काम आहे. त्यातला पाऊण दिवस मोजणे आणि प्लाय कापण्यात जातो, तो वाचवायला जाऊ नका.

फ्लोअरच्या कड्या

जड नगांसाठी चार ते सहा कड्या. प्रत्येक कडीची प्लेट खालच्या आडव्या चॅनलच्या वर यायला हवी, एम-१० किंवा एम-१२ च्या आरपार बोल्टने, खाली ५ मिमी जाड मोठे वॉशर आणि नायलॉक नट. नुसत्या फ्लोअर पत्र्याला किंवा प्लायला धरलेली कडी दाखवण्यापुरतीच. खाली भोक पाडण्याआधी कोणीतरी गाडीखाली जाऊन बघायलाच हवे: ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, डिझेल टाकी, सीएनजी सिलिंडर. चासीच्या लांब्या बीमला भोक अजिबात पाडायचे नाही.

वजन आणि कागद

सहा पट्ट्या मिळून साधारण ५५ किलो, पाइप, बोल्ट, कड्या धरून ६५-७०. गाडीचे एकूण मंजूर वजन तेच राहते, म्हणजे हे किलो मालातून वजा होतात. काम झाल्यावर रिकामी गाडी एकदा वजनकाट्यावर घाला आणि पावती जपून ठेवा. आत बोल्टने बसवलेल्या पट्ट्यांनी बॉडीची बाहेरची मापे बदलत नाहीत. पण या निमित्ताने बॉडी उंच करणे, लांबवणे, बाजूला नवे दार काढणे असले काही सुचले तर थांबा: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदीतली माहिती बदलेल अशा फेरफाराला बंधन आहे, आणि फिटनेसला गाडी गेली की ते दिसतेच.

माल भरण्याआधी चाचणी

समोरासमोरच्या दोन खाचांत बेल्ट लावा आणि मध्ये लटकता डिजिटल काटा अडकवा. आधी पट्टीच्या दोन टोकांमध्ये सुतळी ताणून ठेवा. हळूहळू १०० किलोपर्यंत ओढा. पट्टी सुतळीपासून चार-पाच मिमी आत आली आणि सोडल्यावर परत गेली तर भिंत ठीक आहे. १० मिमीच्या पुढे आली किंवा सोडल्यावर फट उरली तर तो पोस्ट पातळ आहे, खालचा वेल्ड तुटला आहे किंवा बुडाशी गंजला आहे. पोस्टचा बुडखा सर्वांत आधी जातो, कारण फ्लोअर धुतल्याचे पाणी तिथेच मुरते. रोज दोन-तीन ठिकाणी बांधायची सवय असेल तर चाचणीही तिथेच घ्या.

बांधताना

नग भिंतीला टेकवून उभा करा. त्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढच्या खाचा घ्या, अगदी चिकटून नको. बेल्ट तिरका आला की नग पुढे-मागेही आवरतो आणि भिंतीवरचा सरळ ओढा कमी होतो. हुक खाचेत बसल्यावर एकदा उलटा हिसडा देऊन बघा. खाचेत धूळ, तांदूळ, थर्माकोलचे दाणे अडकले की स्प्रिंग पूर्ण बंद होत नाही आणि हुक बसल्यासारखा दिसतो. बेल्टला पीळ नको, कपाटाच्या कडेवर पुठ्ठ्याचा कोन ठेवा.

गाडी निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये माल बसतो आणि बेल्ट सैल होतात. घोडबंदरने निघाला असाल तर गायमुखचा घाट लागण्याआधी, भिवंडीकडून येत असाल तर मुंब्रा बायपास चढण्याआधी गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन हात फिरवा.

पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट एकदा तपासा, मग दर तीन महिन्यांनी आणि पावसाळा संपल्यावर. खाचेची कड बाहेर उमललेली दिसली तर त्या खाचेवर लाल रंगाचा फराटा मारा आणि ती वापरू नका. हातोडीने परत ठोकून सरळ केलेली खाच पुढच्या वेळी आधीच्या निम्म्या ओढ्यालाही उघडू शकते. बेल्टच्या कडेला चीर पडली, लेबल उडाले किंवा कापडावर वितळल्याची चमक आली तर तो बेल्ट कापूनच टाका. अख्खा ठेवला तर कोणीतरी घाईत पुन्हा लावतोच.